सरावाचं घर

चर्चच्या मंडळीत पुढारी तयार होत होते आणि ते सगळे बाईंच्या घरी तयार होत होते. बाईंना त्याची काही हौस नव्हती. त्यांचं घर चर्चपासून चार मिनिटांवर होतं, जिना एकाच मजल्याचा होता आणि घरातलं माणूस गेलेलं होतं, एवढ्यावर निवड झाली.

त्याचं असं झालं. चार वर्षांपूर्वी बाईंचे मिस्टर, त्यांच्याच शाळेतले चित्रकलेचे सर, वारले, तेव्हा पाळकसाहेब शिबिराला गेले होते. शिबिराचा विषय, मंडळीत चांगले पुढारी कसे घडवावेत. इकडे कमिटीतल्या प्रत्येकाला वाटलं की दुसरा कुणीतरी बाईंना भेटून आला असेल. दफनविधी शेजारच्या मंडळीच्या पाळकांनी उरकला. त्यानंतर बाईंकडे काळं कुत्रं फिरकलं नाही.

पाळकसाहेब परत आले ते जाडजूड फाइल घेऊन. तिच्यात बारा पायऱ्या होत्या. सातवी पायरी, शोकग्रस्त घरी भेट. त्या भेटीचा छापील फॉर्म होता, दहा मुद्दे, दहा गुण, खाली घरच्या माणसाची सही. सातच्या खाली नापास. आता दर आठवड्याला नवा शोक कुठून आणणार? यंदा पुढाऱ्यांचा वर्ग एकदाचा सुरू झाला तेव्हा त्यांना बाई आठवल्या.

"बाई, जन्मभर गणित शिकवलंत. तुमच्याइतकं चोख कोण तपासणार?" बाई चढल्या हरभऱ्याच्या झाडावर. खरं सांगायचं तर, कुणीतरी येणार म्हणूनच त्यांना बरं वाटलं.

तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता कुणीतरी येई आणि बाईंचं सांत्वन करून जाई. दातांचा डॉक्टर आला, तो म्हणाला, थोडं दुखेल, मग सवय होईल. गाडी शिकवणारा सबंध प्रार्थनाभर उजवा पाय जमिनीवर दाबून बसला होता. विमा एजंट फार छान बोलला आणि जाताना कार्ड ठेवून गेला. बाई लाल पेनानं गुण देत. एकूण सहा जण पास झाले. पास झालेल्यांपैकी एकही पुन्हा म्हणून जिना चढला नाही. कशाला चढेल? त्याची सातवी पायरी झाली होती.

राहिला कुलूपवाला. बाजारात किल्ल्या करून द्यायचं त्याचं कपाटाएवढं दुकान होतं आणि रविवारी उपासनेआधी तो खुर्च्या मांडायचा. शाळेत तो बाईंच्याच हाताखाली, नववीत गणितात दोनदा गचकलेला. इथेही दोनदा गचकला. पहिल्या खेपेला त्याची प्रार्थना बाईंपासून निघून नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यापर्यंत गेली. दुसऱ्या खेपेला घाबरून त्यानं आल्या आल्या विचारलं, "सर कुठे बाहेर गेलेत का?" बाईंनी शांतपणे शून्य दिलं.

आता त्या गुरुवारचं सांगते. सकाळी साडेसहाला भाच्याचा फोन आला. "मावशी, आई गेली." बाईंची धाकटी बहीण. तिचं गाव दोन दिवसांच्या प्रवासावर, आणि दफन त्याच दुपारी. बाई "बरं" म्हणाल्या, खाली जाऊन दूध घेऊन आल्या, तापायला ठेवलं आणि ते सगळं उतू जाताना बघत उभ्या राहिल्या. दहाला त्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला. एवढंच सांगायचं होतं, या, कुणीतरी या.

"बाई! शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला! आत्ताच नाव काढलं. आज चारला कुलूपवाल्याला पाठवतोय, शेवटची संधी. रविवारी प्रमाणपत्रं वाटायची आहेत. त्याआधी तुमची सही नाही आली तर नाव काढावं लागेल, मग मांडू दे बापडा खुर्च्याच. तुमचं काही काम होतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. आता ह्याला काय म्हणावं! पण उभ्या जन्मात बाईंनी परीक्षेच्या दिवशी सुट्टी मागितली नव्हती.

चार वाजता कुलूपवाला आला. इस्त्रीचा शर्ट, तळहातावर निळ्या शाईनं मुद्दे. खुर्चीच्या कडेवर टेकला. बाई समोर फॉर्म आणि लाल पेन घेऊन बसल्या. "कर सुरू."

"बाई, सरांच्या जाण्यानं आपल्या सगळ्यांच्या जीवनात..." त्यानं तळहाताकडे पाहिलं, मग दाराकडे.

"पोकळी," बाई म्हणाल्या.

"हो, पोकळी." त्यानं परत दाराकडे पाहिलं. "बाई, एक विचारू? किल्ली बाहेरून दाराला लटकत होती."

"राहिली असेल."

"तुमची नाही राहत. ह्या दाराला तीन कुलपं आहेत, तिन्ही मीच बसवलीत. बेल वाजली की तुम्ही आतून 'कोण' म्हणता आणि मग एकेक उघडता. आज दार नुसतं लोटलेलं होतं." त्यानं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "काय झालंय?"

हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"माझी बहीण गेली," त्या म्हणाल्या. सकाळपासून हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. आणि मग त्या रडल्या, मागच्या चार वर्षांचं धरून रडल्या.

कुलूपवाल्यानं मूठ उघडली. तळहातावर ह्यातलं काही लिहिलेलं नव्हतं. तो खुर्चीत मागे सरकून नीट बसला. बाईंचं रडू ओसरल्यावर त्यानं विचारलं, "तुमच्याहून लहान?"

"लहान. आणि महालबाड." मग बाई बोलायलाच लागल्या. बहीण ह्यांच्या नव्या सँडल घालून सहलीला गेली आणि एकच घेऊन परत आली. लग्नानंतर पत्रं लिहायची, त्यात मुद्दाम एखादं गणित चुकवून ठेवायची. का, तर चूक दिसली की ताईला राहवणार नाही, ती उलट टपाली उत्तर देईल. आणि ताई देत असे! कुलूपवाला खो खो हसला आणि मग आपण हसलो म्हणून घाबरला, पण बाईही हसत होत्या. नंतर त्यानं उठून शेगडीवरचं करपलेलं दूध खरवडून काढलं आणि कोरा चहा केला. सहा वाजले.

निघताना दारात त्याला आठवण झाली. "बाई, फॉर्म. किती पडले?"

बाईंनी फॉर्म पाहिला. बायबलमधलं वचन वाचलं नव्हतं. प्रार्थना केली नव्हती. वेळ वीस मिनिटं, लागले दोन तास. फॉर्मप्रमाणे तीन गुण. बाईंच्या हिशेबानं दहा. तीन द्यावेत तर त्याचं नाव जाणार. दहा द्यावेत तर त्याचीही सातवी पायरी होणार. आणि बाईंना तो पुढच्या गुरुवारी यायला हवा होता. फार हवा होता. सर गेल्यापासून इतकं काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

"माझा चष्मा सापडत नाहीये रे," बाई म्हणाल्या. "चष्म्याशिवाय सही कशी करू? पुढच्या गुरुवारी ये."

कुलूपवाल्यानं बाईंकडे पाहिलं. चष्मा बाईंच्या नाकावर होता. चारपासून तिथेच होता, मध्ये दोनदा पदरानं पुसलाही होता. रविवार तीन दिवसांवर होता.

त्यानं फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. "चष्म्याचं असंच असतं," तो म्हणाला. "शोधा सावकाश. मी गुरुवारी येतो." बाहेर उभं राहून त्यानं तिन्ही कुलपं लागल्याचा आवाज ऐकला आणि मगच जिना उतरला.

रविवारी सहा पुढाऱ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. पाळकसाहेब म्हणाले, असा वर्ग आजवर झाला नव्हता. खुर्च्या कुलूपवाल्यानं मांडल्या होत्या, अगदी सरळ रांगेत. शेवटी सूचनांमध्ये बाईंच्या बहिणीची बातमीही वाचली गेली, ती त्यानंच कळवली होती. सहाही पुढाऱ्यांना वाटलं की दुसरा कुणीतरी बाईंना भेटून येईल.

गुरुवारी चार वाजता बेल वाजली.

"कोण?"

"मी, बाई."

बाईंनी नाकावरचा चष्मा काढला, साखरेच्या डब्यात टाकला, झाकण घट्ट लावलं आणि एकेक करून तिन्ही कुलपं उघडली.