रक्त गाळणारा ओंडका

सॉमिलच्या मागच्या जंगलात आडव्या पडलेल्या ओंडक्याभोवती सकाळपासून एवढी गर्दी, की मिलचा भोंगा वाजला तरी कामावर कोणी हजर नाही. मालकांनी ओरडायला हवं होतं, पण मालक पहिल्या रांगेत बसले होते.

ओंडक्यामागे बाबा. लोकांनी त्याला लाकूडबाबा म्हणायला सुरुवात केली आणि त्यानं ते मोठ्या मनानं स्वीकारलं.

"रोग्याचं नाव सांगा," तो म्हणायचा. "लाकूड रोग पितं. पोट भरलं की रक्तावाटे ओकतं."

मग तांब्यातलं मंतरलेलं पाणी शिंपडायचं, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटायचं आणि पितळी सळीनं ओंडक्यावर रेघ ओढायची. रेघ बघता बघता लाल व्हायची, थेंब जमायचे. कोरडी राहिली तर रोग्याची श्रद्धा कच्ची. श्रेय बाबाचं आणि खापर रोग्याच्या डोक्यावर, अशी उत्तम सोय होती.

मी मिलमध्ये करवतींना धार लावतो. खरं सांगतो, मीही चक्रावलो. आम्ही लाकडातली माणसं, सहजासहजी फसणारी नव्हे. मुकादमानं ओंडका ठोकून पाहिला, पोकळ नव्हता. मी खाली आडवा होऊन नळी शोधली. मुंग्या चावल्या, नळी मिळाली नाही. मेलेलं लाकूड रस गाळत नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक, म्हणून सगळ्यांत आधी आम्हीच हात जोडले.

मी हे हसण्यावारी नेलं असतं, पण माझा थोरला भाऊ त्यात अडकला. दादाला फिट येतात. दोन वर्षांपूर्वी आली ती करवतीपासून हातभर अंतरावर. तेव्हापासून रोज गोळी, आणि काम फळ्या रचण्याचं. करवत्याला फळ्या रचायला लावलं, हे त्याला फार लागलं होतं. बाबानं त्याच्या नावानं रेघ ओढली, ती वाहिली, आणि दादानं गोळ्या बंद केल्या. मालकही म्हणाले, सोमवारपासून करवतीवर ये. 

वहिनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करतात. त्या भांडल्या नाहीत. नमस्काराच्या निमित्तानं पुढे झाल्या आणि रेघेवरचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन आल्या.

"भावजी," दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "रोज पन्नास जणांचं रक्त बघते मी. हे रक्त नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एकही रक्तपेशी दिसत नाही, नुसते धागे."

"कसले धागे?"

"बुरशीचे. ओंडका नीट तपासलात ना तुम्ही?"

"आतून बाहेरून."

"आणि वरची ती राखाडी खपली?"

ती मी बघितलीच नव्हती. सालीवरची घाण आमच्या धंद्यात कोणी बघत नाही. ती तासून टाकायची आणि मग लाकूड बघायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

रविवारी सकाळी आम्ही जंगलात पडलेल्या फांद्या उलट्यापालट्या केल्या. तशीच खपली धरलेल्या तीन सापडल्या. त्या घेऊन वहिनी थेट बाबासमोर.

"बाबा, एक दुखणेकरी आहे."

"नाव?"

"मिलची ढकलगाडी. चाक कुरकुरतं."

लोक हसले. बाबा गंभीर झाला. "थट्टेनं लाकूड कोपतं, बाई."

"कोपू दे." वहिनींनी केसांतला आकडा काढून फांदीवर रेघ ओढली. लाल झाली. "ही ढकलगाडीची. ही मालकांच्या चपलेची. आणि ही तुमची, बाबा. तुम्हाला कुठं दुखतंय?"

तिन्ही रेघा वाहिल्या. दुसरी फांदी वाळकी होती, ती कोरडी राहिली. वहिनींनी तिच्यावर बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं, बाबाइतकाच वेळ पुटपुटल्या आणि पुन्हा रेघ ओढली. लाल. "आत्ता श्रद्धा पक्की झाली," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सरळ सांगितलं, "ही बुरशी आहे. पडलेल्या लाकडावर पसरते, ते कुजवते. ओली असताना खरवडली की लाल रस सोडते. पाणी मंतरलेलं की नळाचं, तिला काही फरक पडत नाही."

"ती माझ्या ओंडक्याची लेकरं आहेत," बाबा म्हणाला.

मुकादम उठला. कुऱ्हाडीच्या पात्यानं त्यानं बाबाच्या ओंडक्यावरची खपली वीतभर तासली. "आता ओढा." बाबानं ओढली. पाणी ओतून ओढली. उघडं लाकूड कोरडं ठणठणीत. बाबाला दुसऱ्या जंगलातून तातडीचं बोलावणं असल्याचं तेव्हाच आठवलं.

गर्दी पांगली. दादा तिथंच बसला होता. त्यानं वहिनींकडून आकडा घेतला, फांदीवर रेघ ओढली आणि थेंब जमताना बघत राहिला.

"मी कुणाचंच नाव घेतलं नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, सुटलो."

"अहो, सुटलाच होतात. दोन वर्षांत एकदा तरी आली का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "गोळीमुळे?"

"मग काय बुरशीमुळे?"

दादानं त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली. पण आठ दिवसांचा खंड पडला होता. सोमवारी अकराला त्याला फिट आली. तो फळ्यांशेजारी भुशाच्या ढिगावर पडला. करवत दहा पावलांवर फिरत होती आणि तिच्यासमोर दुसराच माणूस उभा होता.

म्हणून सांगतो, चमत्कार दिसला तर जरूर बघा, पण हात जोडायची घाई करू नका. जी गोष्ट बघायची नाही असं आपल्याला शिकवलेलं असतं, ती आधी बघा. कुणाचंही नाव न घेता तसंच होतं का, ते करून बघा. आणि तुमचं बघून होईपर्यंत चालू असलेली गोळी बंद करू नका.