अर्थिंगच्या दोन बादल्या

व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो आणि दोघांना गुणलं की वॉट. एवढं एकच गणित मला येतं, आणि त्याच्या जोरावर सुरतजवळच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग कारखान्यात मी आठ वर्षं ताठ मानेने फिरलो. वायरमनचा परवाना खिशात असे. कामगार ‘मास्तर’ म्हणून चिडवत. मला ते मनातून आवडायचं. गणित पक्कं आणि अक्कल कच्ची, हे कळायला त्र्याहत्तरचा उन्हाळा यावा लागला.

निंबा माझ्याच गावचा, शिंदखेड्याकडचा. चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राही आणि कापड रंगवायच्या मशीनवर काम करी. मशीनच्या लोखंडात कधी करंट उतरलाच, तर तो तारेने जमिनीत जावा म्हणून कारखान्यामागे अर्थिंगचा खड्डा होता. आत तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. कोरड्या मातीतून करंट नीट जात नाही, म्हणून हा खड्डा ओला ठेवावा लागतो. रोज दोन बादल्या पाणी ओतायचं काम निंबाने आपणहून अंगावर घेतलं होतं.

त्या वर्षी खानदेशात दुष्काळ. निंबाची म्हातारी आई, भावाची पोरं, सगळी सुरतेला आलेली. चाळीच्या नळावर रोज भांडणं. अशात एका दुपारी निंबाला खड्ड्यात गोडं पाणी ओतताना पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

“जमीन काय पानीबिगर मरस का रे? घर लई जाय त्या बादल्या!”

तो हसला. “मास्तर सांगस तं लई जास.”

तेव्हापासून ते पाणी त्याच्या घरी जाऊ लागलं. ते पाणी कुठलं हे त्याची बायको भागीरथी हिला ठाऊक नव्हतं; ती मला तोंडभरून दुवा द्यायची.

दीड महिन्याने मोटरची एक तार आतून उघडी पडली आणि मशीनच्या लोखंडाला टेकली. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या निंबाने मशीनला हात लावला. फ्यूज उडालाच नाही. मी धावत जाऊन खटका पाडला, तोवर सगळं संपलं होतं.

चौकशीला आलेल्या साहेबांनी कागदावर लिहिलं : ओले हात, अनवाणी पाय, कामगाराचा निष्काळजीपणा. “सही करी दो, मास्तर,” शेठ म्हणाले. मी केली. सांगायला लाज वाटते, पण सही करताना सुटल्यासारखं वाटलं.

मग गणित सुचायला लागलं. माणसाचं ओलं अंग साधारण हजार ओहम धरतात. दोनशे तीस भागिले हजार, म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. त्याला पुन्हा दोनशे तीसने गुणलं : त्रेपन्न वॉट. आमच्या खोलीतला दिवा साठचा होता. एका दिव्याला पुरणार नाही एवढ्या विजेत माझा निंबा गेला.

खड्ड्याकडे वळायला दोन दिवस धीर झाला नाही. बिघडलेली मोटर अजून जागेवरच होती. सगळ्यांना लांब उभं करून अर्थिंगच्या तारेत अ‍ॅमीटर लावला आणि क्षणभर खटका दाबला. पाच अँपिअर. दोनशे तीस भागिले पाच, शेहेचाळीस ओहम. मागच्या वर्षी खड्डा ओला असताना मीच मोजलेला रोध दोन ओहम होता. तसाच असता तर करंट शंभराच्या वर गेला असता आणि निंबाचा हात पोचायच्या आत पंधराचा फ्यूज उडाला असता. मी तीनदा भागाकार केला. उत्तर तेच आलं.

इकडे तेरावं होऊन गेलं तरी भागीरथी नवऱ्यावरच चिडलेली. “रोज सांगू मी, चपला घालीसन जाय. मन्हं कधी ऐकं नही!” म्हणायची आणि रडायची. मेल्यावरही निंबा बोलणी खात होता आणि मी भिंतीपलीकडे बसून ऐकत होतो. तिला खरं कारण सांगायचं म्हणजे बादल्यांचं सांगावं लागणार, आणि ते पाणी तर हिच्याच पोराबाळांनी प्यालेलं.

एका रविवारी सहन होईना. तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“वहिनी, निंबानी चूक नव्हती. अर्थिंगना खड्डा कोरडा व्हता. चूक मन्ही शे.”

“काबरं कोरडा व्हता? रोज पानी टाकेत ना त्या?”

“मीच बंद करं. पुढे कोनले सांगानं इसरी गऊ.” हे अर्धं खोटं मी घरूनच ठरवून आणलं होतं.

तिने दाराशी पालथ्या घातलेल्या दोन बादल्यांकडे पाहिलं.

“ते पानी आमना घर उनं ना, भाऊ?”

मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडलो. ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कारखान्यात आली. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. चाळीच्या नळाला पहाटेपासून रांग लावून मिळवलेलं पाणी होतं ते.

“तो खड्डा कोठे शे, माले दखाडा.”

मी दाखवला. तिने वाकून, थेंबही बाहेर न सांडता, दोन्ही बादल्या ओतल्या. पाणी लगेच आत गेलं. रिकाम्या बादल्या उचलून तिने विचारलं, “त्यास्ना मशीनवर आते कोन शे?”

“सुकदेव.”

“त्याले बायको शे?”

“शे.”

“मंग उद्या बी येस मी,” ती म्हणाली आणि फाटकाकडे चालायला लागली.