काट्याचा पहिला मान

इस्लामपूरजवळच्या एका दूध संस्थेचा वजनकाटा ब्लूटूथनं लिनक्सच्या संगणकाला जोडायला मी सांगलीहून गेलो होतो. शेवटची कमांड द्यायची, तेवढ्यात सेक्रेटरी रविराजनं माझा हात धरला. "थांबा. पहिला मान चेअरमनचा."

चेअरमन आकारामतात्यांनी नारळ फोडला आणि काटा आधी स्वतःच्या मोबाइलला जोडला. पेढे वाटले. माझा संगणक मात्र काट्याला हात लावू शकेना, कारण हा काटा एका वेळी एकालाच जोडला जातो.

"तात्या, तुमच्या मोबाइलमधनं काटा काढून टाका."

"उद्घाटन आमी केलं, आन् आमीच काढून टाकू व्हय?"

रविराजनं माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

तेव्हापासून सकाळी काटा चालू होताना तात्या हजर असले, की काटा त्यांच्या खिशाला चिकटतो. तात्या गावाला गेले, की वजनं सरळ संगणकात पडतात. म्हणून संचालकांनी एकमतानं तात्यांना अभ्यास दौऱ्यावर धाडलं, आणि अभ्यास काही संपू दिला नाही.

यंदा संस्थेला उत्तम कामकाजाचा पुरस्कार मिळाला. घ्यायला तात्याच गेले. सोहळा साताऱ्यात होता, म्हणून त्या दिवशीही वजनं बिनचूक पडली.