कठड्याला बांधलेली दोरी

मी नौदलाचं एक जुनं जहाज आहे, मित्रांनो. नागपट्टणच्या चिखलात रुतलेला हा गंजका सांगाडा पाहून तुम्ही नाकं मुरडलीत, ते मला दिसलं. चालायचंच. पण तंजावूरहून सहलीला आलेली तुम्ही मुलं आपसांत मराठी बोललात आणि मला राहवलं नाही. मराठी मी दोन माणसांकडून शिकलो. तीही तुमच्याच राजवाड्यामागच्या गल्लीतली.

माझा जन्म ऐन लढाईत, त्रेचाळीस साली, कलकत्त्याला झाला. काम पाणसुरुंग काढण्याचं. मागे लांब पोलादी तार ओढत जायचं, तिच्या पात्यांनी सुरुंगाची साखळी कापायची आणि तो वर आला की बंदुकीने फोडायचा. तिथे चुकीला माफी नाही. मी चुकलो नाही, हे जरा मिजाशीतच सांगतो. लढाई संपली, तेव्हा माझ्यावर ओझं उचलणारी मोठी यारी बसवली आणि बुडालेल्या नौका वर काढायला लावलं. बंदर मोकळं केलं की लोक नारळ फोडायचे, मला हार घालायचे. आवडायचं मला ते.

हनुमंतराव माझा पाणबुड्या. त्याच्या बायकोचा भाऊ कल्याणराम खलाशी होता. या किनाऱ्यावरचे शंख काढणारे पाणबुडे कमरेची दोरी बायकोच्या भावाच्याच हाती देतात. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात आहे, तो दोरी सोडत नाही, असा भरवसा. शिकवलेले खलाशी होते, तरी हनुमंतरावाने हीच चाल धरली. दर वेळी म्हणायचा, "कल्याणा, तूच धर, बा. दुसऱ्याचा भरवसा मज नाही."

खालून दोरीला एक झटका म्हणजे ठीक आहे. चार झटके म्हणजे वर ओढा.

पंचावन्न सालच्या वादळानंतर इथे खाडीच्या तोंडाशी भाताचं गलबत बुडालं. वाट अडली. हनुमंतराव खाली उतरला, हवेचा पंप दोघे फिरवत होते, दोरी कल्याणरामाच्या मुठीत होती. तेवढ्यात एक बडा साहेब पाहणीला आला. शिटी वाजली. पंपावरचे दोघे सोडून सगळे ताठ उभे राहिले. कल्याणराम शिस्तीचा पोरगा. त्याने दोरीचे दोन वेढे माझ्या कठड्याला मारले आणि सलाम ठोकला.

त्याच घडीला गलबताची तुळई सरकली आणि हवेच्या नळीवर बसली. माझ्या कठड्याला चार झटके बसले.

साहेब कल्याणरामापुढे थांबले. कौतुकाने गाव विचारलं.

"तंजावूर, साहेब."

पुन्हा चार झटके. मी सगळा हादरत होतो, पण लाटांवर जहाज हललं तर कोणाला त्याचं काय? तेव्हा मला तोंड नव्हतं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही.

साहेब पुढे गेले. कल्याणरामाने दोरी सोडवून हातात घेतली. ती सैल होती. वर काढलं, तेव्हा हनुमंतराव गेला होता.

दुसऱ्या दिवशी हनुमंतरावाची बायको कमलाक्षीबाई गाडीने आल्या. भाऊ पायाशी बसला. म्हणाला, "अक्का, माझ्यामुळं झालं."

त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "त्यांनी दोरी किती वेळां ओढली?"

"माहीत नाही, अक्का. दोरी माझ्या हातात नव्हती."

पुढे कल्याणरामाने नौदल सोडलं. मी आणखी सात वर्षं नौका काढल्या. मग मलाही सेवेतून काढून इथे आणून टाकलं. भंगारवाले यायचे आहेत. त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, कोणी विश्वासाने आपला जीव तुमच्या हाती दिला, तर समोर केवढाही मोठा माणूस येवो, हात मोकळा करू नका. मान नंतर देता येतो.

कमलाक्षीबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे. चार-चार झटके, आठ वेळा. नवव्या वेळी दोनच आले. बाई तुमच्याच गल्लीत राहतात. भेटल्या तर त्यांना हे सांगू नका. तुम्ही मात्र विसरू नका.