आधीच आत आलेली

जहाजातून उतरताना कार्ड लावलं की यंत्र एकदा वाजतं आणि परत चढताना दोनदा. दोनातला दुसरा आवाज किंचित खालच्या पट्टीतला असतो. पहिल्या बंदरावरून परतताना आमच्या पुढच्या सगळ्यांसाठी यंत्र दोनदा वाजलं, वहिनीसाठी दोनदा वाजलं, आणि मी कार्ड लावलं तेव्हा एकदाच.

पहारेकऱ्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, तुम्ही तर आत आहात."

यंत्राच्या लेखी मी मघाशीच परतले होते. म्हणून आता लावलेलं कार्ड त्याने उतरण्याचं धरलं होतं. पहारेकऱ्याने काहीतरी दाबलं, यंत्राला एक चापट मारली आणि मला आत सोडलं.

"वन्सं, तुमचा आत्मा टॅक्सीने पुढे आला वाटतं," वहिनी म्हणाली. "देह आपला बसच्या रांगेत."

नणंदेला वन्सं आता आमच्याकडे कुणी म्हणत नाही. वहिनीने लग्नानंतर थट्टेत सुरू केलं, अहो-जाहोसकट, आणि ते तसंच राहिलं.

खरं तर या सहलीत जागा माझी नव्हती, दादाची होती. त्याच्या निवृत्तीनंतर दोघांनी मिळून जायचं म्हणून तिकिटं काढली आणि मग त्याच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. घरातल्यांच्या तपासण्या झाल्या. वहिनीला मधुमेह, भाच्याचा रक्तगट वेगळा. माझं सगळं जुळलं. "निर्णय तुमचा," डॉक्टर मला म्हणाले, "पण फार लांबवू नका." त्याला वर्ष होत आलं होतं. या वर्षात मला कुणी एकदाही विचारलं नव्हतं आणि मी काही सांगितलं नव्हतं. "तिकिटं वाया कशाला घालवायची, तू जा हिच्याबरोबर," असं दादाच म्हणाला. भाचा रजा काढून त्याच्याजवळ राहिला.

जहाजावर वहिनी माझ्या ताटात मीठ फार नाही ना ते बघायची. उठता-बसता "वन्सं, पाणी प्या" म्हणायची. माझ्या किडन्यांचे इतके लाड आजवर कुणी केले नव्हते.

त्या संध्याकाळी मी कॉफीच्या रांगेत उभी असताना आमच्या टेबलावरच्या दंतवैद्य बाई मागून आल्या आणि त्यांनी माझा दंड दाबला.

"मघाशी मला काही बोलायला सुचलंच नाही. दिवसभर लोकांचे दात उपटणारी बाई मी, पण डोळ्यांत पाणी आलं हो."

"मघाशी म्हणजे?"

"दुपारी, वाचनालयात. तुम्ही भावाबद्दल सांगत होतात ना, किडनी देणार म्हणून."

दुपारी मी वहिनीबरोबर बंदरापासून तासाभरावर, गर्दीत अडकलेल्या बसमध्ये होते. तसं मी म्हणाले नाही. हसले आणि कॉफी घेऊन केबिनमध्ये आले.

"वहिनी, माझ्या तपासण्यांचं तू इथे कुणाला बोललीस?"

"मी?" ती घडी घालत असलेला टॉवेल तिने खाली ठेवला. "ह्यांची शपथ, एक अक्षर नाही. तुमच्याशीसुद्धा बोलत नाही मी, तर लोकांशी काय बोलणार?"

ते खरं होतं.

मी पाण्याचे नमुने तपासते. एखादा निकाल विचित्र आला तर आम्ही घाबरत नाही. भांडी धुतो आणि दुसरा नमुना घेतो.

दुसऱ्या बंदरावर वहिनीचे गुडघे धरले म्हणून ती जहाजावरच थांबली. मी एकटी उतरले. धक्क्याला लागून पत्र्याची गोदामं होती. त्यांच्यामागे एक अरुंद गल्ली होती. एका दुकानात फक्त नळ्या, एकात फक्त कुलपं, एका शिंप्याकडे दोन यंत्रं पाळीपाळीने चालू. हवा इतकी दमट होती की चष्मा पुसला तरी पुन्हा धुरकट व्हायचा. शिंप्याने न विचारता स्टूल पुढे सरकवलं. मी बसले. गल्लीच्या टोकाला आमचं जहाज दिसत होतं, रस्ता अडवून कुणी पांढरी इमारत बांधावी तसं.

आमची बाल्कनी ओळखायला सोपी होती. वहिनीने कठड्यावर पिवळी ओढणी वाळत घातली होती. ओढणीशेजारी वहिनी होती. तिच्यासमोर आणखी कुणीतरी उभं होतं, राखाडी कपड्यांत, माझ्याकडे पाठ करून. त्या व्यक्तीने डावा हात उचलून मानेमागे घातला आणि तिथेच ठेवला. विचार करताना मी तसं करते. त्या क्षणी मात्र माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी खाली बघून खात्री केली. राखाडी कुडताही माझ्याच अंगात होता.

मी धावले नाही. धावले असते तर मी घाबरले असं ठरलं असतं. पण धक्क्यावर पोचले तेव्हा धाप लागली होती.

यंत्र एकदाच वाजलं. पहारेकरी दुसरा होता, वाक्य तेच.

केबिनचं दार उघडताच वहिनीने मला मिठी मारली. ती रडत होती.

"कुठे गेली होतीस मला असं एकटीला सोडून? अगं, एवढं बोलून कुणी उठून जातं का?"

ती मला 'अगं' म्हणाली, तीस वर्षांत पहिल्यांदा.

"काय बोलले मी?"

"आता पुन्हा वदवून घेऊ नकोस. देते म्हणालीस. माझ्या जिवात जीव आला गं. तुझा हात केवढा गार पडला होता! मला वाटलं घाबरलीयेस. ये, बैस."

तिने पलंगाकडे बोट दाखवलं. चादरीवर कुणी बसून उठल्याची खोलगट खूण होती. मी तिथे तळवा टेकवला. कापड ओलं नव्हतं, पण थंड होतं. दुपारभर पडदे उघडे, उन्हाची तिरीप थेट त्या जागेवर, आणि तेवढाच भाग थंड.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? ती मी नव्हते, हे सांगितलं तर पुढचा प्रश्न उघड होता: मग तू काय म्हणतेस? त्याचं उत्तर माझ्याकडे वर्षभर तयार होतं. कारण मात्र नव्हतं. दादाशी माझं वाकडं नाही. तब्येत ठणठणीत आहे. मला फक्त द्यायची नव्हती, आणि एवढंसं वाक्य कुठल्याही माणसासमोर ठेवण्यासारखं वाटत नव्हतं. म्हणून मी गप्प राहिले, आणि वहिनीने नेहमीसारखाच माझ्या गप्प बसण्याचा तिला हवा तो अर्थ घेतला.

पुढचा दिवस समुद्रावर गेला. नाश्त्याला आमच्या टूरमधले लोक उठून माझ्याशी हात मिळवत होते. एका आजोबांनी तर मला वाकून नमस्कार केला, मी मागे सरकले तेव्हा म्हणाले, "काल मी केला तेव्हा चालला, आज लाजताय होय?" दंतवैद्य बाई म्हणाल्या, "काल किती मोकळ्या बोलत होतात, आज अगदी तोंड शिवलंय." मला कळलं की ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त आवडते. मलाही तिच्यात नाव ठेवण्यासारखं काही दिसत नव्हतं. ती भली होती, मोकळी होती, घरच्यांना हवी तशी होती. तिला पुढे जाऊ द्यावं आणि आपण एखाद्या बंदरावर शिंप्याच्या स्टुलावर बसून राहावं, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

फक्त एक अडचण होती. बोलणारी ती होती आणि कापणार होते मला.

तिसऱ्या बंदरावर मी उतरायला तयार नव्हते. मी खाली गेले की ती वर येते, एवढं दोन नमुन्यांवरून दिसत होतं. पण वहिनी ऐकेना.

"ह्यांच्यासाठी चांगली चप्पल घेऊ. ऑपरेशननंतर चालायला लागणार. तू निवड, तुझ्या हाताने."

मी तिचा हात सोडला नाही. बाजारात, टॅक्सीत, पुलावरून येताना, कुठेच नाही. "हरवणार नाही मी, लहान आहे का?" ती हसून म्हणाली. चपला घेतल्या, मऊ तळव्यांच्या. परतताना तिचं कार्ड दोनदा वाजलं, माझं एकदा.

"मॅडम आत आहेत," पहारेकरी म्हणाला. या वेळी तो हसला नाही. "थोड्या वेळापूर्वी आल्या. एकट्या."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "असं कसं? ही माझ्याबरोबर आहे."

मी तिला हाताला धरून पुढे घेतलं. आम्ही वर निघालो. आमच्या मजल्यावरच्या लांब बोळात गालिचा जाड होता, पावलं वाजत नव्हती. त्यामुळे आवाज दुरूनच ऐकू आला. आमच्या केबिनमधून येत होता. तो आवाज ओळखायला मला क्षणभर लागला, कारण आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकायची सवय नसते. वहिनीला लागला नाही. तिने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

आत मी बोलत होते. "नाही रे दादा, भीती कसली. केव्हाच ठरवलं होतं. तू तारीख घे."

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. माझे ओठ मिटलेले होते. तिने बघितलं, पुन्हा दाराकडे बघितलं, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मी दार उघडलं.

खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर वहिनीचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, स्पीकर चालू. काचेवर बोटांचे ओलसर ठसे होते आणि आमच्या डोळ्यांदेखत ते वाळत होते.

"हॅलो?" दादा म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "ऐकतोय गं मी. थांबलीस का? उद्याच विचारतो डॉक्टरांना. खरं सांगू, मी आशा सोडली होती."

वहिनीने चपलांची पिशवी छातीशी धरली आणि मान हलवली, नको, नको अशी. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिने एवढंच मागितलं की मी आणखी एकदा गप्प बसावं. गप्प बसले असते तर उद्या तारीख मिळाली असती.

मी फोन उचलला. तो बर्फासारखा गार होता.

"दादा," मी म्हणाले, "आत्ता बोलली ती मी नव्हते. मी आता बोलतेय. मी किडनी देणार नाही."