पाणी आलं ते साल

मी बोलतोय तो इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ, आणि आधीच सांगून ठेवतो, मला कुणी हौसेनं मागितलेलं नाही. माझा विषय म्हणजे भूमध्य समुद्राकाठची जुनी राज्यं आणि त्यांची भांडणातली सालं. उसाच्या लागणीवर दोन शब्द असते माझ्यात, तर इंदापूर तालुक्यात चार जणांनी तरी चाळलं असतं. ते माझ्या नशिबी कुठलं?

पुण्याच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी मला लिहिलं. माझी छपाई पुरी व्हायच्या आत ते गेले. प्रस्तावनेखाली त्यांची सही आहे, पण तारीख नाही. सगळा जन्म सालांचा कीस पाडण्यात घालवला आणि स्वतःची तारीख घालायची राहून गेली. छापखान्यात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

पुढं मी फिरत फिरत बारामतीला एका रद्दीवाल्याच्या तराजूत येऊन बसलो, जुन्या गाईडांच्या थप्पीवर. तिथून मला भानुदास सरांनी उचललं. सर इंदापूरला हायस्कुलात इतिहास शिकवायचे. एसटीत बसल्या बसल्या त्यांनी मला उघडलं आणि घर येईस्तोवर मिटलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

माझं भांडण काय आहे ते थोडक्यात सांगतो, कंटाळू नका. जुन्या ग्रीसमध्ये सालं लिहून ठेवायची पद्धत नव्हती. इजिप्तमध्ये मात्र राजांच्या याद्या होत्या. मग पंडितांनी काय केलं, ग्रीसच्या खोदकामात इजिप्तच्या एखाद्या राजाची मुद्रा निघाली की त्या थराला त्या राजाचं साल द्यायचं. अशी सगळी ग्रीसची सनावळी इजिप्तच्या खुंटीवर टांगली. टांगून झाल्यावर दिसलं, की मधली काही शतकं रिकामी आहेत. लिखाण नाही, राजवाडे नाहीत, काहीच नाही. बहुतेक जण म्हणतात, तो पडता काळ होता, माणसं जगली पण फारसं मागं ठेवून गेली नाहीत. थोडे म्हणतात, ती शतकं झालीच नाहीत. खुंटी चुकीच्या जागी ठोकली म्हणून ती फुकटची वाढली, काढून टाका. हे भांडण अजून मिटलेलं नाही.

सरांना ते काढून टाकणारे पंडित फार आवडायचे. पण माझ्यातली एक ओळही त्यांनी लाल पेन्सिलीनं अधोरेखित केली होती. 'ज्या खुंटीवर कालगणना टांगली, ती कोणी ठोकली आणि कोठे उभे राहून ठोकली, हे आधी पाहावे.' ही ओळ ते वर्गात पोरांनासुद्धा म्हणून दाखवायचे.

घरात सर, त्यांची बायको कौसल्या आणि आई अक्काबाई. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खालच्या फळीवर मी. हे घर पुनर्वसनातल्या नव्या गावातलं. जुनं गाव भीमेच्या काठाला होतं, ते उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. त्या जुन्या गावातही बौद्धवस्ती खालच्या अंगाला, नदीला अगदी लागून होती. वरचं गाव वर होतं.

अक्काबाईंना भानुदासांच्या पाठची एक मुलगी होती, रतन. ती लहानपणीच तापानं गेली. तेव्हा सर बारामतीला बोर्डिंगात होते, मॅट्रिकचं वर्ष होतं. त्या साली ते दिवाळीलाही घरी आले नव्हते. परीक्षा बुडेल म्हणून त्यांना कुणी कळवलंच नाही. परीक्षा देऊन उन्हाळ्यात आले, तेव्हा घर होतं तसंच होतं, रतन तेवढी नव्हती. त्यांनी काही विचारलं नाही आणि अक्काबाई काही बोलल्या नाहीत. पुढं कित्येक वर्षं त्या घरात रतनचं नाव निघालं नाही.

ते निघालं शहाण्णवच्या उन्हाळ्यात. लोणी देवकरला कारखान्यांच्या रस्त्यांना मुरूम लागत होता, म्हणून नव्या गावाजवळचा माळ खणायला जेसीबी आला. अक्काबाई तडक सरांपुढं येऊन बसल्या.

"भानू, त्या माळावर माझी रतन पुरल्याली हाय. मशीन लागायच्या आदी तिला काढून घिऊ."

"आई, ती माळावर कशी असंल?" सर म्हणाले. "रतन गेली सत्त्याहत्तरच्या थंडीत. पाणी आलं ऐंशीला, धरण पुरं झालं तवा. मग गाव उठलं आणि आपण माळावर आलो. म्हणजे मरण आधी, माळ मागनं. ती नदीकाठालाच असणार. आता पाण्याखाली."

"आमी माळावरच होतो. पाणी आलतं."

"कधी?"

"आलतं. मग गेलं. मग परत आलं."

"पाणी म्हंजे काय पावणं हाय व्हय, येऊन जायला?"

अक्काबाई सरकून जवळ बसल्या. मग म्हणाल्या, "मला साल न्हाय ठावं. साल तुला ठावं. पर तू नव्हतास तितं."

इथं सरांनी मला उघडलं. आईची समजूत घालायला त्यांना ग्रीस आठवला, काय बोलावं. त्या रिकाम्या शतकांच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, हितंबी असंच झालं. समद्यांना वाटायचं मधी लई वरसं गेली. ह्या लोकांनी हिशोब मांडला, तर ती वरसं नव्हतीच."

अक्काबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्या पानाकडं बघत राहिल्या. "त्या वरसांत कुणाची लेकरं मेली न्हाईत का?"

"वरसंच नव्हती म्हणल्यावर कोण मरंल?"

ती लाल पेन्सिलीची ओळ पुढच्याच पानावर होती. सरांनी मला मिटलं आणि फळीवर ठेवलं. मला स्वतःचं पान उलटता येत नाही, नाहीतर मी तेवढं केलं असतं.

मुरमाच्या कामावर देखरेखीला होता ऋषिराज, सरांचाच जुना विद्यार्थी. पोरगा भला होता. एक दिवस तो घरी आला. "सर, आजी रोज माळावर येऊन बसत्यात. त्या म्हणत्यात, निंबाखाली हाय. पर निंब राहिला न्हाय, आणि त्या ह्या टोकापास्नं त्या टोकापातुर बोट फिरवत्यात. तुमी म्हणाला तर तेवढा पट्टा सोडतो. माणसं लावून हातानं उकरून देतो."

"दावू द्या की त्यांना," आतून कौसल्या म्हणाल्या. "तुमचं काय जातंय?"

"उकरलं आणि काही निघालं नाही, तर म्हातारी खचून जाईल," सर त्यांना म्हणाले. मग ऋषिराजकडं वळले. "तिचं वय झालंय रे. सालांचा घोळ होतो तिला. तू काम थांबवू नको."

त्यांच्या मनात आईची काळजी होती, हे खरं. पण ज्याला इतिहास शिकवला त्याच्यासमोर पुराव्याशिवाय कसं बोलायचं, हेही होतं. मला राग आला तो त्याचाच. माझ्या सगळ्या पानांमधून त्यांनी नेमका एवढाच ताठा घेतला.

नंतर एका दुपारी सर मला मांडीवर घेऊन वाचत बसले होते. अक्काबाई माळावरून आल्या. पदराची गाठ सोडली आणि आतलं काढून माझ्या उघड्या पानावर, त्याच रिकाम्या शतकांच्या पानावर ठेवलं. पत्र्याची कंपासपेटी होती ती, गंजून तांबडीलाल झालेली, कोपऱ्यात मुरूम गच्च बसलेला. झाकणावर कर्कटकाच्या टोकानं पाडलेली बारीक भोकं होती. त्या भोकांची मिळून एक चांदणी झाली होती.

सरांनी चांदणीवरून बोट फिरवलं. ती चांदणी त्यांनीच पाडली होती. बोर्डिंगला जाताना नवी पेटी मिळाली, म्हणून जुनी त्यांनी रतनला दिली होती.

"तिच्या उशाला ठिवली हुती," अक्काबाई म्हणाल्या. "सारखी हातात असायची तिच्या."

"आणि ती?"

"मुरमाबरूबर ट्रॉलीत गेली. हे तेवढं खाली पडलं."

सर अनवाणीच माळावर धावले. ऋषिराजनं मशीन बंद केलं, मोटारसायकल काढली आणि दोघं ट्रॉल्यांच्या मागं लोणी देवकरला गेले. मुरूम तिथं चार-पाच रस्त्यांवर पसरला होता. वरून रोलरही फिरला होता.

सरांनी एक आठवडा जाऊ दिला. मग म्हस्कूकडं गेले. म्हस्कू खालच्या वस्तीतला जुना शेजारी, आता धरणात जाळं टाकतो. त्याला घरी आणून बसवला आणि इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"धरण अर्धंच हुतं, तवाच पाणी शिरलं आमच्यात," म्हस्कू म्हणाला. "तुमी मॅट्रिकला व्हता, त्या पावसाळ्यात. वरच्या गावाचा पाय भिजला न्हाय, सर. आमी माळावर पालं टाकली. थंडी तितंच काढली. रतन तितंच गेली. उन्हाळ्यात पाणी वसरलं, भिती लिपल्या आणि परत खाली आलो. मग तुमी आला."

सर माझ्याकडं बघत होते. ऐंशी हे साल वरच्या गावाचं होतं. वरचं गाव भिजलं तेव्हा कागदावर पाणी आलं. खालच्या वस्तीचा तो पावसाळा आणि ती थंडी कुणी मांडलीच नाही. बाकीच्यांचं एक वेळ सोडा. ती थंडी सरांनी स्वतःच्या आईच्या तोंडावर खोडून टाकली होती.

म्हस्कू गेल्यावर अक्काबाई सरांजवळ येऊन बसल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. त्यांचा लेक शिकलेला होता आणि शिकलेल्या माणसाला सापडतं, असं त्या खरंच धरून चालल्या होत्या.

"भानू, बघ की तुझ्या पुस्तकात. कुठल्या रस्त्याला हाय रतन?"

आणि सरांनी मला उघडलं. एकेक पान उलटत गेले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अक्काबाई शेजारी बसून वाट बघत होत्या.

त्यानंतर सरांनी मला शाळेच्या कपाटात नेऊन ठेवलं. ते साल शहाण्णवच. अजून मी तिथंच आहे. वाळवी खालच्या कप्प्यापर्यंत आली आहे. शिपाई आणि शिक्षक कपाटापाशी बोलत उभे असतात, म्हणून पुढचं मला कळलं. अक्काबाई थकल्या, पण अधूनमधून सरांना घेऊन लोणी देवकरला जातात. कुठला रस्ता ते माहीत नाही, म्हणून मायलेकरं चपला हातात घेऊन सगळ्याच रस्त्यांवरून चालतात. कारखान्यात जाणारी माणसं त्यांच्याकडं बघतात आणि पुढं जातात.

माझ्या त्या पानावर पेटीच्या गंजाचा लांबट डाग पडला आहे. त्याच्याखाली काही सालं दबली आहेत, ती आता वाचता येत नाहीत. वाळवीच्या आधी कुणी मला उघडलंत, तर तो डाग खरवडू नका. फक्त पुढचं पान उलटा. तिथं लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेली ओळ आहे, तेवढी वाचा. आणि घरात कुणी म्हातारी असेल, तर आधी तिला जाऊन विचारा, की तुझ्या दारात पाणी कधी आलं होतं.