मला मान्य न्हाय

मंगल आमच्या ग्रामपंचायतीची मेंबर. सीमाभागात, कन्नड राज्याच्या हद्दीत, जांबोटीच्या वरच्या अंगाला आमचं बहुतेक मराठी बोलणारं गाव, आणि निम्म्या घरांची जनावरं गायरानात चरतात. ते गायरान एका रिसॉर्टला द्यायचा ठराव झाला. त्याखाली मंगलचीही सही होती.

ग्रामसभेची नोटीस नुसती कन्नडमध्ये लागलेली, त्यामुळं ती वाचता न येणाऱ्या बायका आल्याच नाहीत. ठरावही कन्नडमध्ये, मंगलला वाचता न येणारा. "रस्त्याचं काम हाय, कर सही," असं अध्यक्ष परशराम म्हणाले आणि तिनं केली. खरं तिला सही झाल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी ती पंचायतीच्या अधिकारी पूर्णिमा मॅडमसमोर उभी राहिली. "ठरावाचं बुक द्या. माझ्या सहीखाली 'मला मान्य न्हाय' असं लिवायचं हाय."

"मराठीत नाही चालणार. वरून ऑर्डर आहे."

"सही मराठीत केली ती चालली न्हवं? मग ह्या एका ओळीनं काय घोडं मारलंय?"

"झालेल्या ठरावात कुणालाच काही लिहिता येत नाही."

"मग ह्यो अर्ज घ्या. सभा परत घ्या, असं लिवलंय त्यात."

"कन्नडमध्ये आणा, लगेच घेते."

"मला कन्नड बोलाय येतंय, मॅडम. पण घटनेच्या तीनशे पन्नासाव्या कलमात लिवलंय, राज्यात चालणाऱ्या कुठल्याबी भाषेत गाऱ्हाणं मांडता येतंय. शिक्का मिळेपर्यंत मी उठत न्हाय."

ती बाकावर बसली. दुपारी भरमा दाखल्यासाठी आला. मेंढरं राखणारा, घरात कन्नड बोलणारा म्हातारा. मंगलनं त्याला सगळं सांगितलं. तो मॅडमकडं वळून कन्नडमध्ये कडाडला, "नोटीस माझ्या भाषेत होती म्हणता, पण मला वाचता कुठं येतंय? मला कुणी विचारलं?" त्यानं मंगलच्या अर्जावर अंगठा उठवला. मॅडमनी शिक्का मारला.

तालुक्यानं अर्ज परत धाडला: कन्नडमध्ये द्यावा. मंगलनं तोच कागद, ते पत्र जोडून, जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवला. दोन महिने काहीच हललं नाही. मग फेरसभेचा आदेश आला.

या वेळी नोटीस दोन्ही भाषांत लागली, शिवाय दवंडी पिटली. देवळापुढं बसायला जागा उरली नाही. ठराव एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये वाचला गेला, आणि विरोधात एवढे हात वर गेले की मॅडमना दोनदा मोजावे लागले. गायरान राहिलं.

परशराम जाताना मंगलजवळ थांबले. "पुढच्या निवडणुकीत बघतो तुला."

"बघा की, आण्णा," मंगल म्हणाली. "मी उभी ऱ्हाणारच हाय."